खेळ, तबकडी आणि प्रत

संगणकावरील खेळांचा इतिहास सांगणारे बहुधा खेळांविषयीच लिहितात. ज्या तबकडीवरून तो खेळ घरी येई तिच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. आम्हांला मात्र तीच अधिक बोलकी वाटते. कारण खेळ विकत घेतला म्हणजे नेमके काय घेतले, या प्रश्नाचे उत्तर तिच्याबरोबर बदलत गेले आहे.

फ्लॉपीचा जन्म खेळांसाठी झाला नव्हता. 1971 साली आय.बी.एम. कंपनीने आपल्या मोठ्या यंत्रांना आज्ञावली पुरविण्यासाठी आठ इंची लवचिक चकती बाजारात आणली. 1976 मध्ये शुगार्ट असोसिएट्सने तिला सव्वापाच इंचांवर आणले आणि 1978 मध्ये ॲपल कंपनीने घरगुती संगणकाला जोडता येईल असे स्वस्त यंत्र काढले. त्यापूर्वी हे खेळ गाण्यांच्या कॅसेटवर मिळत. एक खेळ सुरू व्हावयास कित्येक मिनिटे लागत. ॲपलच्या चकतीची क्षमता सुमारे 140 किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेले साधे छायाचित्रही तीत बहुधा मावणार नाही! तरीही 1980 साली केन आणि रॉबर्टा विल्यम्स या अमेरिकन दांपत्याने 'मिस्टरी हाऊस' हा चित्रमय साहसखेळ तीत बसविला. त्याला खोका नव्हता. चकती आणि सूचनांचा कागद एका पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो दुकानात टांगला जाई. पुढे ज्या धंद्यात अब्जावधी डॉलरची उलाढाल झाली, त्याची सुरुवात अशी गृहोद्योगासारखी होती.

फ्लॉपीचा एक गुण विक्रेत्यांना दोष वाटे: तिची प्रत घरच्या घरी निघे. म्हणून प्रकाशकांनी चकतीवरील माहिती मुद्दाम आडवळणाने लिहावयास आरंभ केला, जेणेकरून सामान्य यंत्राने काढलेली प्रत चालू नये. काहींनी खोक्यात पुठ्ठ्याची चक्रे ठेवली. 1990 च्या 'मंकी आयलंड' खेळात चक्र फिरवून समुद्री चाच्यांचे चेहरे जुळवावे लागत. तेव्हा मिळणारा आकडा सांगितल्यावाचून खेळ पुढे सरकत नसे. चोरांना अडविण्यासाठी चाचे नेमावेत, यातील विनोद प्रकाशकांच्याही ध्यानात आला असावा. जपानमध्ये निन्टेंडोने निराळीच वाट काढली. 1986 पासून तेथील दुकानांत यंत्रे बसविली गेली. मुलाने आपली चकती न्यावी, 500 येन द्यावेत आणि जुना खेळ पुसून नवा लिहून घ्यावा. ही सेवा 2003 पर्यंत चालली. जो खेळ पुसला तो अर्थातच गेला.

मग सीडी आली. तिच्यावर सुमारे 650 मेगाबाइट मावत, म्हणजे साडेतीन इंची साडेचारशे फ्लॉपींचा ऐवज. तिच्यावर घरी लिहिण्याची सोय आरंभी सामान्यांच्या आवाक्यात नव्हती, त्यामुळे काही वर्षे नकलांचा प्रश्न आपोआपच मंदावला. या अवकाशाचे सोने केले ते रँड आणि रॉबिन मिलर या धर्मोपदेशकाच्या घरात वाढलेल्या भावांनी. 1993 च्या त्यांच्या 'मिस्ट' खेळात बंदूक नाही, शत्रूचा पाठलाग नाही. एक निर्जन बेट, काही ग्रंथ आणि शांतता. त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती खपल्या. मात्र जागा मिळाली की माणसाचा पसाराही वाढतो. 1995 चा 'फँटास्मगोरिया' सात सीडींवर आला. मिलर बंधूंचा पुढचा खेळ 'रिव्हन' 1997 साली पाच सीडींवर आला, आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाताना खेळणाऱ्याला उठून तबकडी बदलावी लागे. डीव्हीडीने ही कटकट मिटविली. सेगाची एक गिगाबाइटची खास तबकडी, निन्टेंडोची आठ सेंटिमीटरची छोटेखानी तबकडी, सोनीची 2006 सालची ब्लू-रे, असे पुष्कळ प्रकार पुढे झाले. त्यांची जंत्री येथे नको.

खरा बदल आकाराचा नव्हता. 2004 च्या नोव्हेंबरमध्ये 'हाफ-लाइफ 2' हा खेळ दुकानांत तबकडीवर आला. परंतु ती विकत घेऊनही इंटरनेटवरून कंपनीची संमती मिळेपर्यंत तो चालत नसे. 2015 मध्ये 'मेटल गिअर सॉलिड 5' च्या संगणकासाठीच्या खोक्यातील तबकडीवर तर खेळ नव्हताच. तो इंटरनेटवरून उतरवून घेणारी छोटीशी आज्ञावली तेवढी होती. पुस्तक म्हणून ग्रंथालयाचे प्रवेशपत्र विकावे, तसाच हा प्रकार. ते पत्र शेजाऱ्याला वाचावयास देता येत नाही आणि नातवासाठी कपाटात ठेवता येत नाही.

कपाटाचे महत्त्व जॉर्डन मेकनर यांना विचारावे. 1989 साली त्यांनी 'प्रिन्स ऑफ पर्शिया' लिहिला. त्याची मूळ आज्ञावली हरवली, असे ते अनेक वर्षे समजून होते. 2012 मध्ये त्यांच्या वडिलांना (खेळाचे संगीत त्यांचेच) घरातील कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या सावधपणे वाचल्या आणि आज्ञावली सर्वांसाठी खुली झाली. चुंबकीय थर इतकी वर्षे टिकला, हे भाग्यच.

सर्वांचे भाग्य असे नसते. आपल्या वाचकांना हे सांगावयास नको. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात राशोल येथे छापले गेले, पुढे 1649 आणि 1654 मध्ये पुन्हा. या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज ज्ञात नाही. ते आपल्यापर्यंत पोहोचले ते भाविकांनी हाताने उतरवून घेतलेल्या पोथ्यांमुळे. त्यांच्याच आधारे 1907 मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी ते पुन्हा छापले. छापखान्याने जे राखले नाही ते नकलाकाराने राखले.

खेळांच्या बाबतीतही असेच घडले आहे, परंतु येथे नकलाकाराच्या माथी चोरीचा शिक्का आहे. ॲपलवरील कितीतरी जुने खेळ आज पाहावयास मिळतात ते कोणीतरी त्यांची कुलुपे फोडून प्रती केल्या म्हणून. सातव्या आज्ञेला आम्ही हलके लेखत नाही. निर्मात्याची रोजी बुडविणारी नक्कल ही चोरीच. पण ज्या खेळाची विक्री वीस वर्षांमागे बंद झाली त्याची नक्कल कोणाचे काय हिरावते, हे आम्हांला दिसत नाही. 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेने केलेल्या पाहणीत आढळले की, 2010 पूर्वी त्या देशात प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी 87 टक्के आता बाजारात उपलब्ध नाहीत. असे जतन केलेले खेळ अभ्यासकांना घरबसल्या पाहू द्यावेत, अशी मागणी ग्रंथालयांच्या वतीने करण्यात आली. ऑक्टोबर 2024 मध्ये अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ती नाकारली. अभ्यासकाने त्या ग्रंथालयाच्या इमारतीत जाऊनच ते पाहावेत, अशी आज व्यवस्था आहे.