नंबर तोच, मोबाइल वापरलेला

सिंदेवाहीच्या मोबाइल दुकानात काउंटरवर एक छोटी डबी असते. सिमचा ट्रे काढायच्या पिना, सिम कापून उरलेल्या प्लास्टिकच्या चकत्या, एखादं जुनं मेमरी कार्ड असा ऐवज तिच्यात पडलेला असतो. धान विकून आलेला शेतकरी काचेखालचा वापरलेला मोबाइल निवडतो आणि खिशातला आपला जुना पुढे करतो. दुकानदार पिन टोचतो, नखाएवढं सिम चिमटीत धरून बाहेर काढतो, शर्टाला पुसतो आणि दुसऱ्या ट्रेमध्ये बसवतो. ‘पॅक जाईल का?’ हा प्रश्न हमखास येतो. पॅक जात नाही. रोज दीड जीबीचा पॅक, त्याचे उरलेले सोळा दिवस, नंबर, सगळं त्या चकतीबरोबर इकडून तिकडे येतं.

दोन मिनिटांच्या या कामामागे मोठा इतिहास आहे. सिंदेवाही ज्या धानाच्या मुलखात येते त्या झाडीपट्टीसारख्या भागात मोबाइल घराघरात पोहोचला तो या सोयीमुळेच.

सिम कार्ड १९९१ साली म्युनिकच्या गिजेके अँड डेव्हरिएंट या कंपनीने तयार केलं. नोटा आणि बँक कार्डं छापणाऱ्या या कंपनीने पहिली ३०० कार्डं फिनलंडच्या रेडिओलिन्या कंपनीला विकली. तेव्हा सिम आजच्या एटीएम कार्डाएवढं होतं. मोबाइल हा नुसता रेडिओ, ग्राहकाची ओळख वेगळ्या कार्डावर, अशी ती रचना होती. सिममध्ये पंधरा आकडी ओळख क्रमांक असतो, भारतातला तो ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतो, आणि सोबत एक गुप्त किल्ली असते. बॅलन्स, व्हॅलिडिटी, नेटचा कोटा यातलं काहीच सिमवर नसतं. ते कंपनीच्या संगणकात त्या क्रमांकाच्या नावावर मांडलेलं असतं. मोबाइलला त्याचा स्वतःचा निराळा पंधरा आकडी नंबर असतो, तो आयएमईआय. या दोन ओळखी एकमेकींना बांधलेल्या नाहीत, म्हणून एकाचा मोबाइल दुसऱ्याच्या सिमवर चालतो.

भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. कोलकात्याहून ज्योती बसू दिल्लीला सुखराम यांच्याशी बोलले. तेव्हा आलेल्या फोनचेही पैसे पडत. खेड्यातला माणूस त्या काळात एसटीडी बूथवर किंवा रुपयाच्या कॉइन बॉक्सवर अवलंबून होता आणि शेजाऱ्याचा लँडलाइन नंबर ‘पीपी’ म्हणून देत होता. २००३च्या मे महिन्यात इनकमिंग फुकट झालं आणि चित्र पालटलं. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात रिलायन्सने ५०१ रुपयांत हँडसेट देऊ केला. मोबाइल गरिबाच्या हातात येऊ शकतो हे त्या योजनेने दाखवलं, पण त्यात एक खोट होती. तो फोन सीडीएमए पद्धतीचा होता आणि नंबर हँडसेटमध्येच बसवलेला असे. फोन बिघडला की नंबर अडला. भावाला जुना फोन द्यायचा, तर कंपनीच्या दारात जाणं आलं.

टिकला तो सिमवाला जीएसएम फोन. २००३ मध्येच आलेल्या नोकिया ११०० ला टॉर्च होती, धूळ-घामाला दाद न देणारा कीपॅड होता, आणि जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग खपले. रात्री धानाला पाणी द्यायला बांधावर जाणाऱ्या माणसाला त्या टॉर्चचं मोल सांगावं लागत नाही. या फोनला दोन-तीन जन्म मिळाले. बॉडी बदलली, कीपॅड बदलला, बॅटरी नवी घातली की तो पुढच्या माणसाकडे जायला तयार. वापरलेला मोबाइल घेण्यात कमीपणा नाही, ही रीत इथे बटणाच्या फोननेच पाडली.

मग नंबर ही जपायची गोष्ट झाली. सिंदेवाही, मूल, सावली, ब्रह्मपुरी या तालुक्यांतली माणसं धानाचा हंगाम आटोपला की मिरची तोडायला तेलंगणात जातात. प्राणहिता-गोदावरीपलीकडे टेलिकॉमचं सर्कल बदलतं, आणि पूर्वी घरून आलेला फोन उचलला तरी बॅलन्स कापला जाई. मिस कॉलच्या खुणा ठरवून निरोप चालत. बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून रोमिंगमध्ये इनकमिंग मोफत केलं, तेव्हा मजुराला घरचाच नंबर तिकडे चालू ठेवणं परवडू लागलं. त्याआधी २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर पोर्ट करायची सोय आली होती, फी १९ रुपये. कंपनी बदलली तरी नंबर आपला राहिला. झाडीपट्टीतल्या नाटकांच्या पोस्टरवर नटांच्या फोटोखाली बुकिंगचे मोबाइल नंबर छापलेले असतात. ज्याचा नंबर बदलला त्याचा हंगाम बुडाला.

वस्तू जाते आणि नाव राहतं, हे या मुलखाला नवं नाही. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी निवडून तयार केलेल्या धानाला त्या काळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी नाव पडलं. त्याचं बियाणं सिंदेवाहीच्या कृषी संशोधन केंद्रातही गेलं. ती घड्याळं आज मनगटावर क्वचितच दिसतात. एचएमटी तांदूळ मात्र किराणा दुकानात रोज विकला जातो.

स्मार्टफोनची खरी लाट ५ सप्टेंबर २०१६ ला जिओसोबत आली. या सेवेला टूजी-थ्रीजी नव्हतंच, सगळं फोरजीवर. त्यामुळे ‘कोणत्याही मोबाइलमध्ये कोणतंही सिम’ हा जुना नियम पहिल्यांदा डळमळला. सिम बसायचं, पण मोबाइलमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून बोलायची सोय, नसली तर साधा कॉल लागायचा नाही. जिओच्या फोरजी लहरी ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झच्या. त्यातली ८५०ची लांब पोहोचते आणि झाडोऱ्यातूनही बऱ्यापैकी जाते. बाहेरदेशी बनलेल्या एखाद्या मोबाइलमध्ये हे बँड नसले, तर गावाच्या चौकात रेंज आणि जंगलकडेच्या घरात शून्य, असा प्रकार व्हायचा. आज बीएसएनएलच्या फोरजीबाबत तेच लक्षात ठेवावं लागतं. ती ७०० आणि २१०० मेगाहर्ट्झवर चालते, आणि जुनं टूजी-थ्रीजी सिम असेल तर नंबर तोच ठेवून फोरजी सिम बदलून घ्यावं लागतं.

पुढे गरजच अशी आली की स्मार्टफोनवाचून अडू लागलं. २०२०च्या टाळेबंदीत शाळा मोबाइलवर आली. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत ग्रामीण भारतातल्या शाळकरी मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये तो आकडा ६७.६ वर गेला. पाठोपाठ १५ ऑगस्ट २०२१ ला राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतात उभं राहून पिकाचा फोटो काढायचा आणि तो ॲपवर टाकायचा. ही नोंद सातबाऱ्यावर नसली तर हमीभावाने धान विकताना अडचण येते. बँक, आधार, गॅस या सगळ्यांचा ओटीपी एकाच नंबरवर येतो. म्हणून मोबाइल कितीही जुना चालतो, नंबर मात्र हलवायचा नाही.

हे वापरलेले मोबाइल येतात कुठून? काही नागपूरच्या बाजारातून येतात. बरेचसे नात्यातून येतात. पुण्याला कंपनीत लागलेला मुलगा नवा घेतो, त्याचा जुना दिवाळीला बापाकडे येतो, बापाचा आईकडे जातो. या साखळीत पैशाचा व्यवहार नसतो, आणि बाजारातल्या कोणत्याही सौद्यापेक्षा ती भरवशाची आहे.

खर्चाचा काटा मात्र उलटा फिरला. ३ जुलै २०२४ पासून जिओचा २८ दिवसांचा रोज दीड जीबीचा पॅक २३९ वरून २९९ रुपये झाला. २८ दिवसांच्या हिशेबाने वर्षात तेरा रिचार्ज बसतात, म्हणजे ३,८८७ रुपये. एवढ्यात वापरलेला मोबाइल येऊ शकतो. ‘पॅक जाईल का?’ हा प्रश्न म्हणूनच पहिला विचारला जातो, आणि तो अगदी रास्त आहे.

चोरीचा मोबाइल गळ्यात पडण्याचा धोका मात्र गंभीर आहे. आयएमईआय नसलेले स्वस्त मोबाइल सरकारने १ डिसेंबर २००९ पासून बंद पाडले. १६ मे २०२३ ला संचार साथी पोर्टल सुरू झालं, आणि हरवलेला मोबाइल देशभर ब्लॉक करता येऊ लागला. असा मोबाइल कुणी भोळेपणाने विकत घेतला, तर सिम चांगलं असूनही रेंज मिळत नाही आणि पैसे बुडतात. पैसे देण्याआधी दुकानातच *#०६# दाबावं, दिसलेला नंबर केवायएम या इंग्रजी अक्षरांपुढे लिहून १४४२२ वर मेसेज करावा, उत्तर वाचावं आणि साध्या कागदावर का होईना, पावती घ्यावी. आणि आपला जुना मोबाइल दुसऱ्याला देण्याआधी त्यातलं गुगल खातं काढून फोटो पुसावेत. सिम काढलं तरी ते त्यातच राहिलेले असतात.