टँगो : ऐकणाऱ्यांचा आणि नाचणाऱ्यांचा

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. टँगो म्हटलं की जगाला दोन नावं आठवतात : गायक कार्लोस गार्देल आणि संगीतकार आस्तोर पियाझोला. पण ब्यूनोस आयर्समधल्या जुन्या वळणाच्या मिलोंगात, म्हणजे लोक हौसेनं टँगो नाचायला जमतात तिथे, या दोघांच्या ध्वनिमुद्रिका सहसा लावतच नाहीत. तिथे वाजतात मुख्यतः १९३५ ते १९५५ या काळातले वाद्यवृंद. असं का?

उत्तर कानांत नाही, पायांत आहे. गार्देलनं १९१७ पासून टँगोला गाण्याचं रूप दिलं. आता बघा, गाणारा शब्दासाठी थांबतो, लय ओढतो, सोडतो. बसून ऐकायला ते गोडच. पण भरगच्च गर्दीत जोडीदाराला कवेत घेऊन पाऊल टाकणाऱ्याला पुढचा ठोका कुठे पडणार याची खात्री हवी असते.

१९३५ च्या जूनमध्ये गार्देल विमान अपघातात गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस हुआन दारिएन्सोच्या वाद्यवृंदात रोदोल्फो बियाजी हा पियानोवादक आला. लय चढी, ठोका खणखणीत, आणि दोन ओळींमधली रिकामी जागा बियाजीच्या पियानोनं भरलेली. बसलेली माणसं उठून नाचू लागली. दारिएन्सोला लोकांनी ‘ठेक्याचा राजा’ म्हटलं. मग प्रत्येकानं आपली वाट काढली. दि सार्लीची संथ, रुबाबदार चाल. त्रोइलोचा बांदोनेऑन (हा आपल्या पेटीसारखाच पत्त्यांवर वाजणारा, पण हातात धरून ताणायचा). आणि पुग्लिएसेचे ते जड, ओढून घेणारे ठोके. त्याचं ‘ला युम्बा’ १९४६ सालचं.

ही आवड मिलोंगाच्या रीतीतच मुरलेली आहे. एकाच वाद्यवृंदाची तीन-चार गाणी सलग लावतात, त्याला तांदा म्हणतात. मध्ये कोर्तिना, म्हणजे वेगळ्याच संगीताचा छोटा तुकडा. तेवढ्यात नाचाची जागा रिकामी होते. नव्या तांदाचे पहिले सूर आले की जाणकार आधी वाद्यवृंद ओळखतात आणि मगच नजरेनं जोडीदार शोधतात. दारिएन्सो एकाबरोबर, पुग्लिएसे दुसऱ्याबरोबर! चुकीची निवड झाली तर दहा-बारा मिनिटं निभवावी लागतात, कारण तांदा अर्धवट सोडणं हा अपमान समजतात.

मग पियाझोलाचं काय? तो तर १९३९ ते १९४४ त्रोइलोकडेच होता, वाद्यरचना करून द्यायचा. त्रोइलो त्यातले सूर खोडरबरानं पुसायचा, असं तो पुढे सांगत असे. त्रोइलोला समोरची नाचणारी माणसं दिसत होती. पियाझोलाला संगीत पुढे न्यायचं होतं. आम्हाला दोघांचंही पटतं.

१९५५ नंतर देशाचं राजकारण पालटलं, रॉक अँड रोल आलं, मोठे वाद्यवृंद पोसणं अवघड झालं. नाच ओसरला. १९८३ मध्ये लोकशाही परतली, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये ‘तांगो आर्खेन्तिनो’ हा रंगमंचीय कार्यक्रम गाजला. तरुण पुन्हा शिकायला आले, तेव्हा हाताशी होती ती जुनी नाचणारी माणसं आणि त्यांच्या जुन्या मुद्रिका. टँगो वाचला तो असा. २००९ मध्ये युनेस्कोनंही त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

पण याची किंमतही आहे बरं का. आजचे चांगले वादक मिलोंगासाठी वाजवायला बसले की बरेचदा त्यांच्याकडून दारिएन्सो किंवा दि सार्लीच मागितला जातो. चाळीसच्या दशकात मात्र नाचणारे दरवर्षी नवं संगीत मागत होते. तेव्हा ‘परंपरा’ म्हणून आपण नेमकं काय जपतो आहोत : त्या वीस वर्षांतल्या मुद्रिका, की नाचणाऱ्याकडे पाहून नवं वाजवण्याची तेव्हाची सवय? आम्हाला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. तुमचं मत वेगळं असेल, तर आता प्रश्नोत्तरांत जरूर मांडा.