बारो कोलोराडो बेट

मध्य अमेरिकेतील पनामा देशाच्या गातून सरोवरातील जंगलव्याप्त बेट. क्षेत्रफळ सु. १५·६ चौ. किमी. मुळात ही एक टेकडी. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडविल्यावर खोरे बुडत गेले आणि १९१४ मध्ये कालवा खुला होईपर्यंत टेकडीचा माथा तेवढा पाण्याबाहेर उरला. १९२३ मध्ये ते राखीव क्षेत्र झाले. १९४६ पासून त्याची व्यवस्था स्मिथसोनियन संस्थेकडे आहे.

इतक्या बारकाईने अभ्यासलेले उष्ण कटिबंधीय जंगल जगात क्वचितच सापडेल. स्टीफन हबेल व रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास येथे ५० हेक्टरांचा पट्टा आखला. त्यातील किमान १ सेंमी. जाडीच्या प्रत्येक खोडाची ओळख पटवून ठराविक वर्षांनी पुन्हा मोजणी होते. झाडांच्या जातीच सु. ३०० भरतात.

हाउलर माकडांची घनगंभीर आरोळी पहाटे दूरवर ऐकू येते. वटवाघळांच्या ७० हून अधिक जाती, स्लॉथ, टापीर व ऑसेलॉट हेही येथे आढळतात. अगूती हा सशाएवढा कृंतक प्राणी काळ्या ताडाच्या बिया एकेक करून पुरतो. दुसरा अगूती त्या उकरून पुढे नेऊन पुरतो. अभ्यासात एक बी अशी ३६ वेळा पुरली गेल्याचे आढळले. बी पसरविणारे मोठे प्राणी नामशेष झाल्यावरही हा ताड कसा टिकला, याचे हे पटण्याजोगे उत्तर आहे.

मात्र संरक्षण असूनही मुख्य भूमीपासून तुटल्यामुळे जमिनीलगत राहणाऱ्या पक्ष्यांच्या अनेक जाती बेटावरून नाहीशा झाल्या. अरुंद पाणीही ओलांडणे त्यांतील कित्येकांना जमत नाही.