व्ही-ट्विन, कायनेटिक आणि आमचा मामा

मागच्या शनिवारी अमरावतीहून अकोल्याला मामाकडे बाईकने गेलो. रस्ता एकदम लोण्यासारखा झालाय. (लोणी गाव वाटेत लागतं म्हणून म्हणत नाहीये!) २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना हा ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकून गिनीज बुकात नाव गेलं, तोच हा रस्ता.

तर जेवणं झाल्यावर मामाने कपाटातून एक पिवळं पडलेलं ब्रोशर काढलं. कायनेटिक अक्विला! आपल्यापैकी किती जणांना ही गाडी आठवते?

कायनेटिक म्हटलं की आपल्याला आठवते १९७२ ची ५० सीसीची लूना. फिरोदियांच्या त्याच कंपनीने २००३ मध्ये कोरियाच्या ह्योसंगशी हातमिळवणी करून चक्क व्ही-ट्विन क्रूझर आणली. सुटे भाग तिकडून, जोडणी इकडे. हार्लेची अधिकृत विक्री आपल्याकडे २०१० साली सुरू झाली, म्हणजे त्याच्या कितीतरी आधी. बजाजची एलिमिनेटर २००१ मध्ये आली होती, दिसायला झकास, पण सिलेंडर एकच.

आता थोडं इंजिनिअरिंग. (कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद सोडा, मी रागावणार नाही.) हार्लेच्या व्ही-ट्विनमध्ये दोन सिलेंडरमधला कोन ४५ अंशांचा आणि दोन्ही कनेक्टिंग रॉड क्रँकच्या एकाच पिनवर. त्यामुळे पहिल्या सिलेंडरनंतर ३१५ अंशांनी दुसरा पेटतो आणि त्यानंतर ४०५ अंशांनी पुन्हा पहिला. ही अंतरं सारखी नसतात, म्हणून तो अडखळत चालणारा आवाज. फटफटी हा शब्द आपल्या लोकांनी काय अचूक पाडलाय!

कोन ९० अंश केला तर मुख्य थरथर जवळपास नाहीशी करता येते, पण इंजिन लांब होतं आणि फ्रेममध्ये बसवताना घाम निघतो. अक्विलाचा कोन ७५ अंश. थोडक्यात, तडजोड. बोअर ५७ मिमी, स्ट्रोक ४८.८ मिमी, दोन्ही मिळून २४९ सीसी. स्ट्रोकपेक्षा बोअर मोठा, डबल ओव्हरहेड कॅम, प्रत्येक सिलेंडरला चार व्हॉल्व्ह. म्हणजे कपडे क्रूझरचे आणि आत स्वभाव वर फिरणाऱ्या इंजिनाचा. ताकद साधारण २७ बीएचपी. आता हे बघा: दुसऱ्या महायुद्धातली हार्ले डब्ल्यूएलए, जिच्या मागे सांगाडा जोडून दिल्लीत वर्षानुवर्षं सवाऱ्या वाहिल्या गेल्या, ती ७४० सीसीची असून पंचविसाच्या आसपास थांबायची! एक तृतीयांश सीसीत तेवढीच ताकद. आहे की नाही गंमत?

व्ही-ट्विनची एक दुखरी बाजू म्हणजे मागचा सिलेंडर. तो पुढच्याच्या आडोशाला असतो, वारा कमी मिळतो. अक्विलाला हवा आणि ऑइल असं दोन्हीचं कूलिंग होतं. तरी मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या वर गेला की सिग्नलला मांड्या भाजल्याच असत्या.

किंमत मात्र दीड लाखाच्या आसपास. त्या काळी चाळीस हजारात चांगली १०० सीसी गाडी यायची, त्यामुळे अक्विला थोड्याच लोकांनी घेतली. २००८ मध्ये कायनेटिकचा दुचाकी धंदा महिंद्राकडे गेला. पुढे ह्योसंग आधी गरवारे आणि मग डीएसकेच्या हाताने परत आली, २०१३ अखेर अक्विला २५० सुद्धा आली. २०१८ मध्ये पुन्हा कायनेटिकच्याच घरात! माझ्या मते गाडी चांगली होती, फक्त पंधरा वर्षं लवकर आली.

मामाने २००४ मध्ये कापसाचा चुकारा खिशात घालून पुणे गाठलं होतं. शोरूममध्ये अर्धा तास गाडीवर बसला, ॲव्हरेज विचारलं आणि ब्रोशर घेऊन परत आला.

"मामा, घ्यायची होती ना," मी म्हटलं.

"तुले काय जाते सांगाले? त्याच पैशात शेतात बोअर मारली न् एक स्प्लेंडर घेतली बाप्पा."

"बोअरला पाणी लागलं?"

"दीडशे फुटावर." मग ब्रोशर माझ्याकडून परत घेत म्हणाला, "आता सेकंडहँड भेटंन काय रे कुठं पुण्यात?"

शोधतोय.