गुणवंतीची 'गणवता' कशी झाली?

आजचा विषय टायपोग्राफी. डिझाइन शिकणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो, सुरुवात कुठून करायची? मी डिझायनर नाही, कोड लिहितो. माझी सुरुवात एका बगपासून झाली, तिथूनच सांगतो.

आमच्या ॲपमध्ये आजीने स्वतःचं नाव टाकलं, गुणवंती. स्क्रीनवर आलं 'गणवता'! ओळीची उंची मी इंग्रजीच्या मापाने बांधून टाकली होती. खालचा उकार कापला गेला. वरचा अनुस्वार गेला, वेलांटीचं वळण गेलं, उरला नुसता काना. आजी म्हणाली, "माझं नाव भादरलंस की रे!" चूक माझीच होती.

बहुतेक पुस्तकं बेसलाइनपासून सुरू होतात, कारण रोमन अक्षर खालच्या रेषेवर उभं राहतं. आपलं अक्षर शिरोरेघेला लटकतं, आणि त्याला वर एक मजला, खाली एक मजला. मुंबईतल्या छापखान्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं. शिसं ओतता ओतता त्यांना ते कळत गेलं.

1831 मध्ये गणपत कृष्णाजींनी मराठी पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवर. (सोवळ्यातल्या लोकांना चरबीची शाई चालेना, म्हणून तुपाची केली, असं सांगतात.) दगडावरची छपाई म्हणजे शेवटी हाताचंच अक्षर. रफार, जोडाक्षर, काहीही लिहा, अडत नाही.

अडायला लागलं ते खिळ्यांपाशी. खिळा म्हणजे शिशाचा चौकोनी तुकडा. 'कु', 'कू', 'के', 'कीं' असं प्रत्येक रूप अखंड ओतायचं, तर खिळ्यांचा ढीग होतो. मग डिग्री पद्धत आली. मधे अक्षर, वर मात्रा, खाली उकार, सगळे वेगवेगळे खिळे. एक ओळ छापायला जुळाऱ्याने तीन ओळी जुळवायच्या! खिळे कमी झाले, पण सांधे नीट बसले नाहीत की फट दिसायची.

इथे मला जावजी दादाजी फार आवडतात. लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात ते टाइप घासायचे. 1864 मध्ये त्यांनी स्वतःचा टाइप ओतायचा कारखाना काढला, 1869 मध्ये निर्णयसागर छापखाना. पोलादी ठसे कोरायला मित्र होते, राणोजी रावजी आरू. निर्णयसागरची संस्कृत पुस्तकं मिळाली तर जरूर बघा. एकात एक अडकलेली तीन-तीन व्यंजनं, तरी वाचताना डोळा कुठे ठेचकाळत नाही. माझ्या मते डिझाइनच्या विद्यार्थ्याने पोस्टर करण्याआधी अशा एका पानावर ट्रेसिंग पेपर ठेवून शिरोरेघ, मात्रा आणि उकार यांच्या जागा आखाव्यात. तासभर लागेल, पण हाताला कळेल.

आता खिळे गेले, जुळारी फोनमध्ये बसलाय. 'कि' लिहिताना आपण आधी क टाइप करतो, मग वेलांटी. ती उचलून अलीकडे ठेवायचं काम सॉफ्टवेअर करतं. विंडोज 2000 सोबत आलेला 'मंगल' हा फॉन्ट र. कृ. जोशींनी केला. ते आयआयटी मुंबईत शिकवायचे. पण फॉन्ट कितीही चांगला असो, वरचा-खालचा मजला माझ्यासारख्याने कोडमध्ये कापला तर तो काय करणार?

मी ओळीची उंची वाढवली. आजीचं नाव पूर्ण दिसतं आता. बटण मात्र थोडं जाडं झालंय, आणि आमचा डिझायनर अजून कुरकुरतोय.