डोळ्याची जागा

कोडंबक्कम आणि वडपळनी हा चेन्नईचा चित्रपटांचा परिसर. इथून भाड्याने जाणारा आजचा डिजिटल सिनेकॅमेरा पाहिला की पहिली गोष्ट लक्षात येते ती ही की त्याला डोळाच नाही. तो एक चौकोनी डबा असतो. पुढे लेन्स, मागे बॅटरी आणि आत सेन्सर. बघणाऱ्या माणसाचा डोळा कुठे टेकवायचा, याचा विचार डबा बनवणाऱ्याने बराचसा दुसऱ्यांवर सोडलेला असतो. कॅमेरा खांद्यावर घेऊन चालत-पळत चित्रण करायचे असेल तर इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर वेगळा घ्यावा लागतो, पट्टी-स्क्रूने बसवावा लागतो आणि त्याची केबल कॅमेऱ्याला जोडावी लागते. हे काम बहुधा एखादा तरुण सहायक दहा-पंधरा मिनिटांत उरकतो. पण त्या पट्टीच्या मागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवातीची पाने मद्रास, पुणे आणि कोल्हापूर या तिन्ही गावांत वाटली गेली आहेत.

दादासाहेब फाळक्यांनी 1912 साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. मद्रासचे आर. नटराज मुदलियार यांचा धंदा मोटारींच्या सुट्या भागांचा. कॅमेऱ्याचे प्राथमिक धडे त्यांनी पुण्यात स्टुअर्ट स्मिथ नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराकडून घेतले आणि परत येऊन त्यांनीही विल्यमसनच मिळवला. त्यावर त्यांनी ‘कीचकवधम्’ केला. दक्षिणेतला हा पहिला कथापट. त्याच्या वर्षाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. 1916 ते 1918 मधले वेगवेगळे आकडे सांगितले जातात. 1920 साली कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्यावर ‘सैरंध्री’ केला. विराटपर्वातली तीच कथा. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने 1910 साली बंदी घातली होती, हे मराठी वाचकाला सांगायला नको. एकच कथा दोन भाषिक प्रदेशांनी आपापल्या पहिल्या पावलांसाठी निवडावी, ही तौलनिक अभ्यासाला मिळालेली भेटच. दोन्ही चित्रपट आज उपलब्ध नाहीत.

त्या पिढीचा कॅमेरा तिपाईवर उभा असे. हँडलच्या दर फेऱ्याला आठ चित्रे, सेकंदाला दोन फेरे. उजवा हात या तालात अडकलेला. चौकट आधी बघून ठेवायची, पात्रांच्या हालचालीच्या मर्यादा ठरवून घ्यायच्या आणि मग आठवणीच्या भरवशावर हँडल फिरवायचे. चित्रण चालू असताना लेन्सला नेमके काय दिसते आहे, हे कॅमेरामनला दिसत नसे.

बोलपट आला आणि कॅमेरा जड झाला. स्टुडिओत चालणाऱ्या मिचेल कॅमेऱ्यात चौकट लेन्समधून बघता येई, पण त्यासाठी कॅमेऱ्याचा देह बाजूला सरकवावा लागे. चित्रण सुरू करताना तो परत फिल्मच्या जागी आणायचा आणि नंतर शेजारी लावलेल्या व्ह्यूफाइंडरमधून बघायचे. तो लेन्सपासून काही इंच दूर असल्याने जवळच्या वस्तूची चौकट चुकण्याचा धोका होता. असा कॅमेरा खांद्यावर घेण्याचा प्रश्नच नव्हता. मद्रासच्या वाहिनी स्टुडिओत मार्कस बार्टली यांनी चित्रित केलेला ‘मायाबझार’ (1957) बघताना त्या काळाच्या शिस्तीचे वैभव कळते. तिथे सगळी माया कॅमेऱ्यासमोर घडते. कॅमेरा स्वतः धावाधाव करत नाही.

डोळ्याची जागा बदलली ती जर्मनीत. 1937 साली आरीफ्लेक्स 35 हा कॅमेरा आला. त्याचा शटर म्हणजे फिरता आरसा. तो बनवणाऱ्या अभियंत्याचे नाव एरिक केस्टनर. मुलांसाठी ‘एमिल’ लिहिणारा केस्टनर वेगळा. ग्रंथसूचीत अशी नावे नेहमीच घोटाळा करतात. शटर उघडा असताना प्रकाश फिल्मवर पडतो, आणि शटर मिटतो तेव्हा आरसा तोच प्रकाश माणसाच्या डोळ्याकडे वळवतो. आता लेन्स जे बघते तेच माणूस बघू शकत होता, आणि कॅमेरा हातात मावत होता. गंमत अशी की सेकंदाला 24 चित्रे घेताना ढोबळमानाने अर्धा वेळ फिल्म बघते आणि उरलेला अर्धा वेळ डोळा. फिल्मवर जो क्षण उमटतो तो कॅमेरामनने कधीच पाहिलेला नसतो. त्याने पाहिलेला असतो तो त्याच्या आधीचा आणि नंतरचा. अनुवादाचे काम करणाऱ्याला ही स्थिती ओळखीची वाटते.

आरीफ्लेक्सचा आवाज मोठा होता. पण संवाद नंतर डब करायची पद्धत आपल्याकडे रुळलेली असल्याने तो खपून गेला. कॅमेरा स्टुडिओबाहेर पडायला या डबिंगने मोठी मदत केली. भारतीराजांचा ‘पदिनारु वयदिनिले’ (1977) पी. एस. निवास यांनी खऱ्याखुऱ्या गावात, उन्हावाऱ्यात चित्रित केला, आणि तमिळ प्रेक्षकाला स्टुडिओतले गाव खोटे वाटू लागले. त्याच सुमारास पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले बालू महेंद्र आणि पुढे अड्यारच्या संस्थेत शिकलेले पी. सी. श्रीराम यांनी नैसर्गिक प्रकाशाची भाषा घडवली.

श्रीराम यांनीच 2004 साली ‘वानम वसप्पडुम’ डिजिटल हाय डेफिनिशनमध्ये केला. त्यानंतर 2007 मध्ये रेड वन आणि 2010 मध्ये ॲलेक्सा आले. ॲलेक्साच्या घडणीत जुन्या खांद्यावरच्या कॅमेऱ्याची आठवण शिल्लक होती. पण पुढे कॅमेरे लहान होत गेले, ड्रोनवर आणि गिंबलवर चढू लागले, आणि डोळा हा जोडभाग बनला.

म्हणून त्या पट्टीचे महत्त्व. व्ह्यूफाइंडर डब्याच्या अगदी जवळ बसवला तर डोळा लावण्यासाठी सगळा कॅमेरा खांद्याच्या पुढे धरावा लागतो. वजन पुढे झुकते आणि सगळा ताण मनगटांवर आणि कमरेवर येतो. तो पुढे आणि डावीकडे सरकवला की कॅमेरा मागे येऊन उजव्या खांद्यावर बसतो, बॅटरी लेन्सचे वजन तोलते आणि उजवा डोळा आपसूक काचेला भिडतो. मान वाकडी न करता डोळा टेकला पाहिजे. पट्टी इतकी घट्ट हवी की धावताना ढळू नये, आणि केबलला इतकी ढील हवी की ती ओढली जाऊ नये. खांदा, दोन हात आणि भुवईचे हाड, एवढ्या आधारांवर चित्र स्थिर राहते. नुसता मॉनिटर हातभर पुढे लावला तर हा शेवटचा आधार जातो, आणि मद्रासच्या दुपारच्या उन्हात पडद्यावर स्वतःचाच चेहरा दिसतो.

या नव्या डोळ्याचे धोके मात्र जुन्याच घराण्यातले आहेत. फिल्मच्या कॅमेऱ्यात डोळा काढला की मागून प्रकाश शिरून फिल्म धुरकटण्याची भीती असे. आज मोकळ्या राहिलेल्या काचेतून ऊन शिरले तर आतला चिमुकला पडदा जळू शकतो. दोन्ही यंत्रांची अट एकच आहे: बघत राहा, नाहीतर झाकण लाव.

बदलले आहे ते दुसरेच. आरशाच्या काळात चौकट एकट्या कॅमेरामनला दिसे. शॉट संपल्यावर दिग्दर्शक त्याच्याकडे बघे, आणि त्याच्या मान हलवण्यावर पुढचे ठरे. आज तेच चित्र एकाच वेळी दिग्दर्शकाच्या, कलादिग्दर्शकाच्या आणि निर्मात्याच्याही मॉनिटरवर असते. व्ह्यूफाइंडरमधले चित्रसुद्धा थेट प्रकाश राहिलेला नाही. सेन्सरने वाचलेली, रंग लावलेली आणि किंचित उशिराने पोचलेली ती एक आवृत्ती आहे. तरीही खांद्यावर कॅमेरा घेणारे रबरी कपात डोळा खुपसतात, कारण तेवढ्या अंधारात निर्णय एकट्याचा असतो. पात्र वळण्याआधी वळायचे की थांबायचे, हे मॉनिटरभोवतीच्या गर्दीत विचारायला वेळ नसतो. तो निर्णय घेणाऱ्या डोळ्याला टेकायला जागा मिळाली की नाही, हे सकाळी पट्टीचा स्क्रू आवळणाऱ्या त्या सहायकाच्या हातात असते.