पांसुकूल ते महाड : एका चिंधीचा इतिहास

गेल्या काही वर्षांत शाळा-महाविद्यालयांतून, महिला मंडळांतून आणि वस्त्यांवरील सांस्कृतिक कार्यक्रमांतून एक नवा उपक्रम रूढ होत आहे. प्लास्टिकच्या पिशव्या, वर्तमानपत्रांची रद्दी, खाऊची रिकामी वेष्टने, शिंप्याच्या दुकानातील कातरण आणि जुन्या साड्या यांपासून पोशाख तयार करावयाचे आणि ते परिधान करून मुलामुलींनी मंचावरून चालून दाखवावयाचे, असे त्याचे स्वरूप असते. 'टाकाऊतून टिकाऊ' हे त्याचे ब्रीद. त्यामागील हेतू स्तुत्य आहे. रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या दोन काठांवर वसलेल्या रोहे आणि अष्टमी या जुळ्या गावांमधील पुलावर पावसाळ्यात क्षणभर उभे राहिले, तरी या हेतूची निकड पटते. गावांनी टाकलेले सारे नदी मुकाट्याने वाहून नेते आणि रेवदंड्याच्या खाडीतून समुद्राच्या स्वाधीन करते.

तथापि या उपक्रमाविषयी आपल्या समाजात दोन परस्परविरोधी मते ऐकू येतात. काही तरुण अभिमानाने म्हणतात की, यात नवे काय आहे? तथागतांच्या भिक्खूंनी अडीच हजार वर्षांपूर्वी उकिरड्यावरील चिंध्यांचीच चीवरे केली होती. उलट काही वडीलधारी माणसे हे दृश्य पाहून अस्वस्थ होतात. ज्या चिंध्या अंगावरून उतरविण्यासाठी आमच्या आयाबायांनी एवढा संघर्ष केला, त्या पुन्हा हौसेने अंगावर चढवावयाच्या काय, असा त्यांचा सवाल आहे. आमच्या मते ही दोन्ही मते खरी आहेत. कारण ती दोन वेगळ्या चिंध्यांविषयी बोलत आहेत. प्रस्तुत लेखात या दोन चिंध्यांचा इतिहास वाचकांपुढे मांडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

पांसुकूल म्हणजे काय?

'पांसु' म्हणजे धूळ. धुळीत, उकिरड्यावर, स्मशानात किंवा रस्त्यात टाकून दिलेले, ज्यावर कोणाचीही मालकी उरलेली नाही असे कापड म्हणजे पांसुकूल. उपसंपदेच्या वेळी भिक्खूला जे चार आधार, म्हणजे 'निस्सय', सांगितले जातात, त्यांत पांसुकूल चीवराचा समावेश आहे. पाचव्या शतकातील आचार्य बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथात तेरा धुतांगांचे विवेचन केले आहे. त्यांतील पहिलेच धुतांग पांसुकूलिकाचे आहे. तेथे पांसुकूलाचे २३ प्रकार दिलेले आहेत. स्मशानातील कापड, बाजारपेठेत टाकलेले कापड, उकिरड्यावरील चिंधी, बाळंतपणात वापरून टाकलेले वस्त्र, आगीत होरपळलेले, गाईने चघळलेले, वाळवीने खाल्लेले, उंदराने कुरतडलेले, वाऱ्याने उडवून आणलेले अशी ही यादी आहे. तीत शेवटचा प्रकार 'सामुद्दिय' हा आहे. समुद्राच्या लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले कापड, असा त्याचा अर्थ. कोकणातील वाचकाला तो वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

ही यादी वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ज्या ज्या कारणाने समाज वस्त्राला अपवित्र मानीत होता, ती सर्व कारणे येथे एकत्र केलेली आहेत. मृत्यूचा स्पर्श, बाळंतपणाचा विटाळ, जनावराचे तोंड यांपैकी कशानेही वस्त्र बाटत नाही, ही त्यामागील भूमिका आहे. विटाळाच्या कल्पनेलाच दिलेला तो नकार होता.

परंतु उचललेली चिंधी तशीच अंगावर घेतली जात नसे. महावग्गात उरुवेला येथील एक प्रसंग आहे. तथागतांना एक पांसुकूल मिळते आणि त्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो हा की, हे धुवावे कोठे? त्या कथेतील शक्राचा चमत्कार आपण बाजूला ठेवू. प्रश्न मात्र लक्षात ठेवू. चिंधी धुतली जाई, कापली जाई, शिवली जाई, रंगविली जाई. या चार क्रियांनंतरच तिचे चीवर होत असे.

शेतांच्या बांधांसारखे चीवर

चीवराचा आकार कसा ठरला, याची हकीकत महावग्गाच्या चीवरक्खन्धकात आहे. राजगृहाहून दक्षिणगिरीकडे जात असता तथागतांनी मगधातील शेते पाहिली. लांब पट्टे, आडवे बांध, चौकोनी वाफे असे ते दृश्य दाखवून त्यांनी आनंदाला विचारले की, अशा रचनेचे चीवर करता येईल काय? आनंदाने ते करून दाखविले. कापून जोडलेल्या वस्त्राला बाजारात किंमत राहत नाही, ते श्रमणाला शोभते आणि चोराला त्याचा मोह होत नाही, असा त्यामागील विचार तेथेच नमूद आहे. शेतकऱ्याच्या घामाने आखलेली भूमी हा जगातील एका दीर्घायुषी वस्त्राचा नमुना ठरला. राजवाड्यातील नक्षी त्यासाठी घेतली गेली नाही.

या चीवराचे सामाजिक कार्य त्याहून मोठे होते. संघात शाक्य कुळातील भद्दिय होता, नापित उपाली होता आणि निर्माल्य झाडून टाकण्याचे हीन मानलेले काम करणारा सुनीतही होता. सुनीताची गाथा थेरगाथेत आहे. या तिघांच्या अंगावर एकाच कापाचे वस्त्र आले. वस्त्रावरून कूळ ओळखण्याची सोय संघाने नाहीशी केली.

सक्ती नव्हे, निवड

पुढे जीवक वैद्याने उज्जैनीच्या प्रद्योत राजाकडून मिळालेली मौल्यवान शिवी वस्त्रांची जोडी तथागतांना अर्पण केली आणि भिक्खूंना गृहस्थांनी दिलेली वस्त्रे घेण्याची अनुमती मागितली. तथागतांनी ती दिली. ज्याची इच्छा असेल त्याने पांसुकूलिक राहावे, ज्याची इच्छा असेल त्याने गृहस्थांचे चीवर स्वीकारावे, असा त्यांचा निर्णय होता. देवदत्ताने भिक्खूंवर पाच कडक नियम लादण्याची मागणी केली. त्यांत प्रत्येक भिक्खूने आजन्म पांसुकूलच वापरावे, असाही एक नियम होता. तथागतांनी ती मागणी अमान्य केली. चिंधी ही स्वेच्छेने स्वीकारलेली साधना आहे. तिची सक्ती केली की तिच्यातील धम्म संपतो, हे या नकाराचे सार आहे.

निवड खरी असण्यासाठी पर्यायही खरा असावा लागतो. तो होता, याचा पुरावा महाराष्ट्राच्या लेण्यांत कोरलेला आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने ३००० कार्षापणांची अक्षयनीवी गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांपैकी २००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक असे व्याज ठरले. म्हणजे वर्षाला २४० कार्षापण झाले आणि त्यांतून वर्षावासातील २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी मिळावयाचे होते. हिशेब चोख आहे. विणकराच्या मागावरील नवे कापड भिक्खूला उपलब्ध होते. तरीही कोणी चिंधी उचलीत असेल, तर ती त्याची स्वतःची निवड होती.

संघाने वस्त्र वाया जाऊ दिले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. चुल्लवग्गात कोसंबीचा उदेन राजा आनंदाला विचारतो की, ५०० चीवरे घेऊन तुम्ही काय करणार? आनंदाचे उत्तर असे आहे : ज्यांची चीवरे झिजली आहेत त्यांना ती वाटू. जुन्या चीवरांची आंथरुणावरची पांघरणे करू. ती विरली की गादीचे अभ्रे, पुढे जमिनीवरची बैठक, पुढे पायपुसणे, पुढे धूळ झटकण्याचे फडके आणि अखेरीस त्याचे तुकडे मातीत कालवून भिंती-जमिनींना लिंपण करू. राजा प्रसन्न झाला आणि त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. आमच्या घरांत जुन्या लुगड्यांची गोधडी, गोधडीचे पोतेरे करणाऱ्या आजीला हा पाठ कोणी शिकविलेला नव्हता. पण ती त्याच परंपरेत वावरत होती.

दुसरी चिंधी

आता दुसऱ्या चिंधीकडे वळू. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेतांवरील वस्त्रे नेसावीत, फुटक्या भांड्यांत जेवावे आणि लोखंडाचे अलंकार घालावेत, असे विधान आहे. त्याच अध्यायात शूद्र सेवकाला उष्टे अन्न आणि जीर्ण वस्त्रे देण्याचाही आदेश आहे. येथेही वस्त्र स्मशानातील आहे. विसुद्धिमग्गातील यादीचा आरंभ आणि मनूचा आदेश यांत कापड एकच आहे. फरक कोणता? तेथे माणूस वाकून ते स्वतः उचलतो आणि धुऊन, कापून, शिवून सर्वांसारखा होतो. येथे ते त्याच्या अंगावर फेकले जाते, तो इतरांपासून वेगळा ओळखू यावा म्हणून. तेथील चिंधी कूळ पुसते. येथील चिंधी कूळ गोंदते.

हे केवळ पोथीत राहिले नाही. गावकीच्या कामाच्या मोबदल्यात प्रेतावरील कापड महाराचे, ही रूढी महाराष्ट्राच्या खेड्यांत पिढ्यान् पिढ्या चालली. तिला 'हक्क' असे नाव होते. जी वस्तू दुसरा कोणी हातात धरणार नाही, ती घेण्याच्या बंधनाला हक्क म्हणणे ही भाषेची क्रूर थट्टा होती. या हक्कांचा ज्या वतनाशी सांधा होता, ते महारवतन १९५८ च्या कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन कायद्याने संपुष्टात आले.

महाडचा धडा

कायद्याच्या आधी तीन दशके हा सांधा मनातून तोडण्याचे कार्य याच जिल्ह्यात झाले. तेव्हा जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ साली आले. महाड येथे मार्च १९२७ च्या परिषदेत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मेलेल्या जनावरांचे मांस आणि उष्टे-शिळे अन्न सोडण्याचे आवाहन केले. २५ डिसेंबर १९२७ रोजी तेथेच मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची खूण ठरलेली लुगडे नेसण्याची पद्धत टाकून द्या, गळ्याहातांतील कथलाच्या आणि चांदीच्या दागिन्यांचे ओझे उतरवा, असे त्यांनी सांगितले. बाबासाहेबांचे सहकारी चित्रे आणि टिपणीस यांच्या घरच्या स्त्रियांनी जमलेल्या भगिनींना नव्या पद्धतीने लुगडी नेसण्यास साह्य केले. मनूने वस्त्र आणि अलंकार या दोन खुणा ठरविल्या होत्या. महाडला त्या दोन्ही उतरविल्या गेल्या.

त्या भाषणातील एक मुद्दा मात्र आपण सहसा विसरतो. वस्त्राला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण ते स्वच्छ असावे, असा बाबासाहेबांचा उपदेश होता. म्हणजे त्यांचा विरोध ठिगळाला नव्हता, खुणेला होता. उरुवेलेतील 'धुवावे कोठे' हा प्रश्न आणि महाडमधील 'स्वच्छ असावे' हा आग्रह यांत आम्हांस एकाच विचाराचा धागा दिसतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लक्षावधी लोक शुभ्र वस्त्रे परिधान करून जमले, तेव्हा तो धागा पूर्ण विणला गेला.

मंचावरील पोशाख

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चिंध्यांची शोभा ही नवी गोष्ट नाही. जपानमधील नारा येथील शोसोइन भांडारात इ. स. ७५६ साली अर्पण केलेल्या वस्तूंमध्ये सम्राट शोमू यांची चीवरे आहेत. त्यांत रेशमाचे तुकडे जोडून चिंध्यांचा आभास निर्माण केलेली चीवरेही आहेत. श्रद्धा खरी असेलही. पण ज्याच्याजवळ सर्व काही आहे त्याने दारिद्र्याचे रूप घेतले की ते सहज अलंकार बनते. आजच्या मंचालाही हा धोका आहे. त्याउलट थायलंडमध्ये बँकॉकजवळील वाट चाक दाएंग या विहारात भिक्खू आणि उपासक प्लास्टिकच्या बाटल्या गोळा करून त्यांच्या धाग्यापासून चीवरे तयार करवून घेतात. तेथे वस्त्र दाखविण्यासाठी नाही, नेसण्यासाठी आहे. हे खरे आधुनिक पांसुकूल होय.

आपल्याकडे मंचावर येणारी पिशवी कोणी वेचली, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. महाराष्ट्राच्या शहरांत कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्यांतील पुष्कळ दलित आहेत. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडावे लागलेली अनेक कुटुंबे या कामात आली. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि या भगिनींनी आपण भिकारी नसून श्रमिक आहोत, असे संघटितपणे सांगितले. २००८ पासून त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुण्यात घरोघरचा कचरा गोळा करू लागली. उकिरड्यात हात घालण्याची सक्ती आणि कचऱ्याचे व्यवस्थापन करण्याचा व्यवसाय यांतील अंतर त्यांनी संघटनेच्या बळावर कापले. ओळखपत्र, हातमोजे आणि ठरलेला मोबदला या त्या अंतराच्या खुणा आहेत.

म्हणून आमचे नम्र मत असे आहे की, अशा कार्यक्रमांना विरोध करण्याचे कारण नाही. मात्र त्यांना दोन कसोट्या लावाव्यात. पहिली, वस्त्र स्वेच्छेचे आहे काय आणि त्याने कोणाच्या दारिद्र्याची नक्कल तर होत नाही ना? दुसरी, ज्या हातांनी तो कचरा वेचला, त्या हातांना त्या मंचावर जागा आहे काय? आपल्या विहारांतून असा उपक्रम होईल तेव्हा वस्तीतील कचरा वेचणाऱ्या भगिनींना पहिल्या रांगेत सन्मानाने बसवावे, त्यांच्याच हस्ते बक्षिसे द्यावीत आणि ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याचा नियमांतील दंडक मुलांना त्यांच्याच तोंडून ऐकवावा. कारण घरात न वेगळा केलेला कचरा वेगळा करण्यासाठी दुसऱ्या कोणाच्या तरी मुलीचे हात त्यात जातात.

अस्वस्थ होणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. आपली अस्वस्थता योग्य आहे. ती नातवंडांना सांगा, गप्प राहू नका. पोशाख शिवण्यापूर्वी मुलांना महाडची हकीकत कळली, तर ती चिंधी उचलताना त्यांचे हात अधिक जबाबदारीने चालतील. आणि शिवण्यापूर्वी ती धुण्याचे ती विसरणार नाहीत.